गोदाकाठचे उंदीर आणि आमच्या लक्ष्म्या

लातूरहून लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा सासरच्या घराचं मला फार कौतुक सांगितलं होतं. मागचं दार उघडलं की घाटाच्या पायऱ्या, पायऱ्या उतरल्या की गोदावरी. घरबसल्या गंगास्नान, पोरीनं नशीब काढलं म्हणाले सगळे. उंदरांचं मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

काठावरची जुनी घरं दगडी जोत्याची, वर पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवद. श्रावण सरता सरता नदी चढायला लागली की काठातली बिळं पाण्यानं भरत आणि तिथले उंदीर, घुशी पायऱ्या चढून सरळ घरात येत. लपतछपत नव्हे, वऱ्हाडासारखे येत. काठावरच्या बायकांना याचं काहीच वाटायचं नाही. "नदी वसरली की जातात," म्हणायच्या. मला ते कधी जमलं नाही. माझ्या वडिलांची लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. दाण्याच्या पोत्यांत वाढलेली मी, उंदराची ओळख मला त्यांच्यापेक्षा जास्त होती. वडील म्हणायचे, उंदराच्या मागं लागायचं नाही, त्याची वाट बंद करायची.

मी सांगतेय ते निजामाच्या राज्याच्या शेवटच्या काही वर्षांतलं. हे कचेरीत नक्कलनवीस होते आणि भादव्याच्या तोंडावर साहेबाबरोबर भोकरकडे दौऱ्यावर गेले होते. ओढे-नाले भरले, रस्ते बंद झाले, ते तिकडेच अडकले. घरात आम्ही चौघं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, सासरे म्हणजे मामंजी, ज्यांना एका कानानं मुळीच ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानं सोयीपुरतं, मी, आणि माझा दोन महिन्यांचा मुलगा.

त्या मुलासाठी मी भ्यायले होते, हे सरळच सांगते. माझ्या बाळंतपणाच्या आधी पलीकडच्या गल्लीत एका तान्ह्या मुलीचे ओठ उंदरानं कुरतडले होते. दुधाच्या वासावर आला. आई विहिरीवर गेली होती, तेवढ्यात. मुलगी तापानं गेली. तेव्हापासून माझ्या मुलाच्या तोंडाला दूध लागलं की मी ते ओल्या फडक्यानं पुसायची, दिवसातून वीस वेळा. त्याच्या हनुवटीला त्यानं पुरळ आलं, तरी पुसायची.

मग मी घर हाती घेतलं. जोत्याच्या सांध्यासांध्यांतून विटांचे तुकडे आणि फुटक्या बांगड्यांची काच चुन्यात कालवून ठोकली. मोरीच्या तोंडाला जाळी बसवून घेतली. मागच्या दाराच्या फळीला खालून पत्रा मारला. पाळणा माजघराच्या तुळईला टांगलेला होता आणि उंदीर दोरावरून उतरतो हे मला गंजात कळलं होतं. म्हणून घासलेटच्या डब्याचे गोल पत्रे कापून मधोमध भोक पाडून दोरांत ओवले. थाळीएवढी ती तबकडी आली की उंदराला पुढे पाय टाकता येत नाही. मांजर ठेवावं तर आत्याबाईंना तान्ह्याजवळ ते चालत नव्हतं. सोमलाचं विष घालावं तर घरात गणपती बसलेला. गणपती असेपर्यंत त्याचं वाहन मारायचं नाही, सापळ्यात धरून सोडून द्यायचं, अशी त्या घराची रीत. "तुझा समदा जीव भोकं बुजवण्यात," आत्याबाई म्हणायच्या. त्या देवणीकडच्या खेड्यातल्या, शहरात तीस वर्षं काढून बोली तीच ठेवलेली. पण चुना कालवून त्याच देत होत्या.

तिसऱ्या दिवशी मला घरात एकही लेंडी दिसली नाही. मी इतकी खूश झाले की मामंजींच्या बहिऱ्या कानाशी जाऊन ते ओरडून सांगितलं.

मग लक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या, थोरली आणि धाकटी, तीन दिवस. पहिल्या दिवशी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणाचा महानैवेद्य, तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन. मधे त्यांना जागचं हलवायचं नाही. त्यांची अंगं म्हणजे बुरुडानं विणलेल्या, शेणानं लिंपलेल्या पुरुषभर उंच कणग्या. कणगीत खालपासून कमरेपर्यंत घरातल्या जुन्या सवाष्णींची लुगडी कोंबलेली असत. ती पिढ्यानपिढ्या तशीच, बाहेर काढायची नाहीत. त्यांच्यावर परात, परातीत गहू आणि करंज्या-लाडू, की लक्ष्मीचं पोट भरलं. वर मुखवटा आणि सगळ्याभोवती शालू. वर्षभर या कणग्या नदीकडच्या खोलीत उभ्या असत. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी त्या उचलून माजघरात आणल्या, पाळण्यापासून चार हातांवर उभ्या केल्या. संध्याकाळी दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढून, ताट-चमचा वाजवत मुखवटे आणले. "लक्ष्मी आली," मी म्हणाले. "कशाच्या पावलांनी आली?" आत्याबाईंनी विचारलं. "लेकराबाळांच्या पावलांनी," मी म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही असा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून राहिला. नदी घाटाच्या अर्ध्या पायऱ्यांवर होती आणि गल्लीत पावसाचं गुडघाभर पाणी, म्हणून सवाष्णी कुणी येणार नव्हत्या. मी पहाटे न्हाऊन ओलेत्यानं स्वयंपाकाला लागले. सोवळ्यात होते, म्हणजे नैवेद्य दाखवेपर्यंत मुलाला शिवायचं नाही. आत्याबाईही सोवळ्यात. त्या पाळण्याजवळ बसून दोरी ओढत होत्या. सोवळ्याला दोरी चालत होती, मूल चालत नव्हतं. मामंजींनी घ्यावं तर त्यांनी जन्मात एक मूल उचललं नव्हतं.

पुरण वाटताना पहिल्यांदा आवाज ऐकला. वाळक्या काटकीवर कुणी नख ओढावं तसा. मी पाट्यावरचा हात थांबवला तर आत्याबाईंनी मोठ्यानं आरती म्हणायला सुरुवात केली. आवाज बुडाला. थोड्या वेळानं पुन्हा आला, आत्याबाईंचा आवाज पुन्हा चढला. मला वाटलं, भक्ती दाटून आली. सगळी भोकं मी डोळ्यांपुढे आणली, मोरी, जोतं, फळी, तुळईचं टोक. एकही राहिलं नव्हतं. मग हा आवाज कुठून येतो?

मूल रडायला लागलं. दुधानं माझी चोळी भिजली. चुलीवर पोळी होती, नैवेद्याला अजून तासभर अवकाश होता. मी दाराच्या चौकटीतून पाळण्याकडे पाहत होते, म्हणून मला ते दिसलं. थोरल्या लक्ष्मीचा पदर खांद्याजवळ हलला. वारा नव्हता, दारंखिडक्या मीच बंद केल्या होत्या. पदर पुन्हा हलला आणि त्याखालून एक करडं तोंड बाहेर आलं, मिशा हलवत हवा हुंगत राहिलं. लक्ष्मीच्या खांद्यापासून पाळण्याची कड एका उडीवर होती. माझ्या तबकड्या वर दोरांना होत्या, तिथे त्यांचा काही उपयोग नव्हता.

मी पोळी तव्यावर टाकून धावले, सोवळ्यासकट मुलाला उचललं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तोंड आत गेलं. मला वाटलं, सोवळं मोडलं म्हणून आत्याबाई आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत.

"आत्याबाई, थोरलीच्या कणगीत उंदीर हाय," मी म्हणाले.

"हाय," त्या म्हणाल्या. "काल मुखवटा बसवला तवापासून हाय."

"तुम्हाला माहीत होतं? आन् तुम्ही आरत्या म्हणून राहिलात?"

"मग काय करू? मूळ लागायच्या आधी हलवता येत न्हाई तिला."

असा संताप मला आयुष्यात पुन्हा आला नाही. मी सासूला कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. माझ्या पोराचे ओठ जातील तेव्हा मूळ नक्षत्र बघत बसा, म्हणाले. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा एक हात तेव्हाही पाळण्याच्या कडेवरच होता. कालपासून त्या तिथून उठल्या नव्हत्या हे माझ्या लक्षात आलं. जेवायलाही नाही. काल विचारलं तर उपास आहे म्हणाल्या होत्या.

"तुझ्या नवऱ्याच्या आधीचा एक होता मला," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांचा. त्या साली पाणी माजघरात आलं. मी भ्याले, थोरलीला दुसऱ्याच दिवशी उचलून माळवदावर नेलं. समदे म्हणले, बरं केलंस, लक्ष्मी बुडू दिली न्हाईस. दसऱ्याच्या आत पोरगं गेलं. आता हलवली तर ह्यो जाईल. न्हाई हलवली तर उंदीर. म्हणून मधी बसून राहिले. एक दीस काढायचा होता."

राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. कणगीत पुन्हा खसखस झाली, या वेळी मोठी. मुलाला डाव्या हाताशी धरून मी उजवा हात मुखवट्याकडे नेला. "मी हलवते," म्हणाले. "काय व्हायचं ते माझ्या हातून होऊ द्या."

त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. "तू आई हायस त्याची. तू हात लावायचा न्हाई," म्हणाल्या. मग उठल्या, गुडघे धरून उभ्या राहिल्या आणि थोरलीला हात जोडले. त्या पुटपुटल्या ते मी ऐकावं असं त्यांना वाटत नव्हतं, पण मी हातभर अंतरावर होते. "पोराकडं बघू नगंस, माय. काय घ्यायचं ते माझ्यातलं घे."

त्यांनी मुखवटा उतरवून तांदळाच्या ताम्हनात ठेवला. शालू सोडला. गव्हाची परात उचलली तशी मोठी उंदरीण बाहेर उसळली, कणगीवरून खाली पडली आणि माजघरभर धावत सुटली. एका कोपऱ्यातून दुसऱ्या, मोरीच्या जाळीवर, फळीच्या पत्र्यावर. तिला बाहेर जायला वाट नव्हती, एकेक वाट मी माझ्या हातांनी बंद केलेली. मामंजी काठी घेऊन आले, "पाणी शिरलं का?" विचारू लागले. मी मूल त्यांच्या हातांत कोंबलं आणि मागचं दार उघडलं. उंदरीण माझ्या पायावरून गेली.

कणगीत, कुणा पणजीच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांत, सात पिल्लं होती. गुलाबी, डोळे न उघडलेली. आत्याबाई म्हणाल्या, वरच्या पायरीवर ठेवून ये, ती नेईल. मी ती चिंध्यांसकट उचलली, दाराबाहेर गेले आणि पुरात फेकली. गणपती घरात होता. मला वाईट वाटलं नाही. उंदरीण पायरीवरच होती, पाण्याच्या कडेला. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

आत आले तेव्हा आत्याबाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि मुखवट्याकडे तोंड करून म्हणाल्या, "हे बी माझ्याच नावावर."

मग आम्ही दोघी पुन्हा न्हालो. कणगी उपसली, तळाशी पोखरलेलं भोक बुजवलं, लक्ष्मी पुन्हा उभी केली. नैवेद्य चार वाजता झाला. मामंजी तोवर मूल घेऊन ओसरीवर बसून होते आणि ते झोपलं म्हणून हलायला तयार नव्हते.

दसऱ्यापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. असलं काही मी मानत नाही, असं स्वतःला बजावायची आणि मूल शिंकलं की उठून बसायची. दसरा गेला, दिवाळी गेली, मूल पालथं पडलं, रांगलं. मी हळूहळू विसरले. आत्याबाई विसरल्या नाहीत. त्याला जरा ताप आला की त्या देवासमोर जाऊन बसत आणि बाहेर आल्या की माझ्या नजरेला नजर देत नसत. असं पाच-सहा वर्षं चाललं.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी भरल्या घागरीवर पाय आदळला, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर. ह्यांनी त्यांना हैदराबादला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, मी आणि मुलगा बरोबर होतो. काचबिंदू म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, दोन वर्षं आधी आणलं असतं तर वाचली असती. दोन वर्षं यांना कडेचं दिसत नसणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं डॉक्टरांनी जरा रागानंच विचारलं.

बाहेर बाकावर मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, दिसत न्हाई म्हणून एका शब्दानं सांगितलं का न्हाई?"

त्यांनी चाचपून माझ्या मुलाला जवळ ओढलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता.

"सांगितलं असतं तर तुम्ही डोळे वाचवले असते," त्या म्हणाल्या. "मग थोरलीनं काय नेलं असतं?"