कालव्यावर धुतलेला एप्रन

"घ्या, तपासा लवकर," डॉक्टर म्हणाले. "पेशंट टेबलावर घ्यायचाय."

मी एप्रन हातात घेतला आणि थबकलो. एक्स-रेच्या एप्रनला घामाचा वास येतो. ह्याला साबणाचा येत होता.

एक्स-रेची मशिनं आणि किरणांपासून वाचवणारी साधनं तपासणं हे माझं काम. त्यासाठी बारामती-इंदापूरचे दवाखाने फिरतो. एप्रनच्या कापडाआड रबरासारख्या पॉलिमरची जाड चादर असते. किरण अडवते ती पॉलिमरमध्ये कालवलेली जड धातूची पूड. पॉलिमरनं फक्त ती सगळीकडे सारखी धरून ठेवायची. चादर तडकली, की किरणांना वाट मिळते. बाहेरून काहीही दिसत नाही.

हा एप्रन सुनीता सिस्टरांचा. ऑपरेशन चालू असतानाच हाड पडद्यावर दाखवणारं सी-आर्म नावाचं मशिन असतं, त्याच्या शेजारी त्या उभ्या राहायच्या. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना आत्ता कुठं दिवस गेले होते.

"हा कुणी धुतला?"

"म्या," सफाईच्या रखमामावशी कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. "बाईला त्याच्या वासानं उलट्या व्हायच्या. घट बसायच्या आदी घरातल्या गोधड्या कालव्यावर नेल्या, त्यात ह्योबी नेला. दगडावर चांगला बडवला."

मी एप्रन सी-आर्मखाली पसरला, सगळ्यांना काचेमागं घेतलं आणि दिवे मालवले. भर दुपारी खोलीत रात्र झाली. मशिन हलकेच गुणगुणू लागलं. पडदा आधी काळा झाला, मग त्यावर उजेडाच्या बारीक रेघा उमटल्या, मधेमधे ठिपके. अंगणात बाज टाकून पडावं आणि वर बघत राहावं, तसं वाटलं. फार सुंदर होतं ते. आपण कशासाठी आलोय हेच मी क्षणभर विसरलो.

"अगं बया, चांदणंच हाय की!" मावशी पुटपुटल्या.

"मावशी, जिथं उजेड दिसतोय तिथून किरण आत जातात."

ते चांदणं एप्रनच्या बरोबर पोटावर आलं होतं. सिस्टरांचा हात आपोआप तिथं गेला.

"सर, धुतल्यापासून मी घातला न्हाय. आजच घालणार होते."

माझा जीव भांड्यात पडला.

"थोड्याच वेळाचं काम आहे हो," डॉक्टर म्हणाले. "आजच्या दिवस चालवू."

"चालवा. तुमचा एप्रन सिस्टरांना द्या, हा तुम्ही घाला."

डॉक्टरांनी पडद्याकडं पाहिलं. मग सिस्टरांना वॉर्डात पाठवलं आणि नव्या एप्रनसाठी फोन लावला.

मावशी कोपऱ्यात रडत होत्या. एप्रन ओल्या फडक्यानं पुसायचा, टांगून ठेवायचा, ही सूचना कपाटावर इंग्रजीत चिकटवलेली होती. मी ती फाडली आणि मावशींना तोंडी सांगितली.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा सिस्टर बाळाला दाखवायला आल्या होत्या. मुलगी. मावशींनी शिवलेल्या गोधडीत गाढ झोपलेली. मावशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सायेब, ही गोधडी कालव्यावर बडवून आणलीया. चालतंय न्हवं?"

मी गोधडीवरून हात फिरवला. मऊ होती, उन्हाचा वास येत होता.

"चालतंय," म्हणालो. मशिन न लावता पास केलेली माझ्या नोकरीतली ती एकच वस्तू.