ज्ञानदेवाचा अंक

आमच्या पिंपरीच्या कंपनीत ज्ञानदेव टर्नर होता. थेरगावहून सायकलने यायचा आणि वाचनालयात शिरताना चपला बाहेर काढायचा. मी तिथली ग्रंथपाल, पण मी मात्र चपला घालूनच वावरायचे. १९७१ साली त्याने लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, चटकन पकडणारं एक फिक्श्चर बनवलं. कंपनीच्या 'श्रमवार्ता' मासिकात फोटोसकट त्याचं नाव छापून आलं.

पुढे नवे साहेब आले. साहेब बदलला की आधी पाट्या बदलतात. मासिकाचं नाव 'उद्योगवार्ता' झालं. अशा वेळी आम्ही वाचनालयातलं जुन्या नावाचं नोंदीचं कार्ड बंद करतो, नव्या नावाचं उघडतो आणि दोन्हींवर एकमेकांचं नाव लिहितो, म्हणजे मासिक एकच आहे हे कुणालाही कळावं. मी जुन्या कार्डावर नुसतं 'बंद' लिहिलं. बाकीचं उद्या करू म्हटलं. तो उद्या काही उजाडला नाही, कारण मी आळशी होते. दुसरं कारण नाही.

मग मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. माझ्या जागी आलेल्या अर्जुनरावांना कपाटं रिकामी करायचा हुकूम झाला. 'बंद' लिहिलेली कार्डं पाहून, ती मासिकं बंदच पडली असं समजून त्यांनी ती रद्दीत काढली. त्यांचं काय चुकलं?

सत्त्याहत्तर साली चार्जहँडची, म्हणजे कामगारांच्या टोळीवरच्या प्रमुखाची, जागा निघाली, आणि ते फिक्श्चर आपलंच असं दुसराच एक जण सांगू लागला. ज्ञानदेवाच्या घरचा अंक उंदरांनी खाल्ला होता. तो वाचनालयातला अंक मागायला माझ्याकडे आला. मी रिकामा कप्पा पाहिला आणि सगळं माझ्या लक्षात आलं. तरी काय सांगावं ते सुचेपर्यंत मी अर्धा दिवस उगीच कपाटं उघडत-मिटत राहिले.

"तो अंक आपल्याकडे आलाच नव्हता," शेवटी मी म्हणाले.

"आला व्हता, बाई. हितंच बसून वाचला मी. तेवढं लिवून द्या."

अंक आल्याची खूण कार्डावर होती. कार्ड मी तळहाताखाली झाकलं होतं. लिहून द्यायचं तर अंक गेला कुठे, हेही लिहावं लागलं असतं.

"नोंदच नाही, तर कसं लिहून देऊ?"

"व्हय," तो म्हणाला. "तुमची बी नोकरी हाय."

जागा त्या दुसऱ्याला मिळाली. मला आजही स्वतःची लाज वाटते.

ब्याऐंशी साली ज्ञानदेव त्याच लेथवरून निवृत्त झाला. निरोपाच्या सभेत त्याला बोलायचा आग्रह झाला. तो म्हणाला, "लायब्रीच्या बाईंनी माझ्यापायी अर्धा दिस कपाटं हुडकली. एवढं कोन करतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि हात जोडले.