माझ्याच क्लस्टरने मला लिफ्ट नाकारली

लिफ्टचा दरवाजा उघडेना. वरच्या कॅमेऱ्याने माझा चेहरा टिपला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'सर्व्हिस लिफ्ट वापरा.'

ती अक्षरं मीच टाइप केली होती. सामानासाठी. सोफे, कपाटं घेऊन येणाऱ्यांसाठी.

बेव्हर्ली पार्क नावाच्या भागातल्या त्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये मी तीन छोटे कॉम्प्युटर जोडून क्लस्टर उभा केला होता. कॅमेऱ्याने चेहरा ओळखायचा, लिफ्ट उघडायची की नाही ते तिथल्या तिथे ठरवायचं. इंटरनेट गेलं तरी अडायचं नाही. एका कॉम्प्युटरवरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम ठेवलेला डबा, बंद पडला, तर तोच प्रोग्राम दुसऱ्याने चालू करायचा.

आदल्या दिवशी सेक्रेटरीने चहा मागवला होता. मॅडम मॅडम चाललं होतं. मग म्हणाला, "आडनाव काय तुमचं?" सांगितलं. "गाव?" नांदेडकडचं. चहा संपायच्या आत म्हणाला, "कप इथे नको ठेवू. वॉचमनकडे दे." मॅडमही गेली आणि तुम्हीही गेलं.

आता मीटर रूममध्ये जाऊन पाहिलं. 'सामान' या गटात माझा फोटो. खाली घरकामाच्या सगळ्या बायांचे फोटो. सेक्रेटरीच्या लॉगिनवरून टाकलेले.

बाहेर शकुंतलामावशी उभ्या होत्या. इथे सात घरची भांडी करतात. गुडघ्याला पट्टा.

"सर्व्हिसवाली बंद हाय," त्या म्हणाल्या. "जिन्यानं चल, पोरी. सवय व्हते."

किळस आली. त्या कपाची, त्या माणसाची. सगळ्यात जास्त त्या सवयीची.

रागाने एका कॉम्प्युटरवरचा कंटेनर बंद केला. दुसऱ्याने लगेच चालू केला. मीच तसं बांधलं होतं ना. एकेक बंद करून भागणार नव्हतं, 'सामान' गटाला लिफ्ट न उघडण्याचा नियमच काढायला हवा होता. पण चोरून काढायचा नव्हता. मी सेक्रेटरीला बोलावलं आणि त्याच्यासमोर तो काढून टाकला.

"हे काय करतेयस?"

"माणसं सामान नाहीत. हा नियम मी चालवणार नाही. आणि मला तुम्ही म्हणा."

त्याने तिथूनच माझ्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला आणि मग माझ्या हातात दिला. साहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाले.

मी बाहेर लिफ्टसमोर गेले, सेक्रेटरी मागोमाग. लिफ्ट उघडली. मी मावशींना म्हटलं, "चला." त्यांनी एकदा सेक्रेटरीकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळल्या.

"तू जाशील निघून," त्या म्हणाल्या. "मला उद्या यायाचं हाय इथंच."

खोटं काय होतं त्यात? मी गेले की संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या कुणाकडून नियम परत टाकून घेणार. पुन्हा आम्ही सामान.

मी हातातला लॅपटॉप बंद केला. सेक्रेटरीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मावशी, उद्या मीही येतेय. कामाला नाही. तुमच्याबरोबर या लिफ्टसमोर उभी राहायला. सगळ्या बायांना सांगा."

नोकरी गेली ती गेली. उद्या सकाळी मी त्या लिफ्टच्या दारात असेन. सगळ्यांसाठी उघडेपर्यंत हलणार नाही.