हॉलचा पत्ता शोधणारी वायर

लुपे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत आणि मधल्या कुंपणाच्या दोन फळ्या आम्हीच काढून ठेवल्यात, कारण रस्त्याने वळसा घालून एकमेकींकडे जायचा दोघींनाही कंटाळा. फळ्या काढल्या म्हणून घरमालक ओरडला होता, तेव्हा लुपेच पुढे होऊन त्याच्याशी बोलली. त्याला चहा पाजून परत पाठवला. तशी ती कुणाला भिणारी नाही.

तिचं कामच मुळी दुसऱ्यांची भीती ऐकण्याचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात एक बटण असतं. कुणी न्हाणीघरात पडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की ते बटण दाबायचं. मग ब्रिस्बेनजवळच्या लोगनमधल्या या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेली लुपे बोलते, "हो, मी आहे. कुठे लागलंय? हलू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत मी बोलत राहणार आहे तुमच्याशी." तो आवाज ऐकला की पडलेला माणूसही म्हणत असेल, बरं झालं पडलो.

त्या सोमवारी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "मेरिपा! आहे तसं टाकून ये!" आणि आवाज कुणाचा ते मला क्षणभर कळलंच नाही.

मला वाटलं, इओसुआला, माझ्या भावाला, काही झालं. तो तर पुढच्या खोलीत खुर्चीत नीट बसला होता. हातात दोन सुया, नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जात होतं, परत येत होतं. किडन्या गेल्यापासून एक दिवसाआड हे असंच. आधी तो हॉस्पिटलात जायचा आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मग लुपे स्वतः मशीन शिकली, सुया टोचायला शिकली, आणि साहेबांच्या मागे लागून घरून काम करायची परवानगी मिळवली. मशीन चालू असताना ते चालवता येणारं माणूस घरात हवंच. मला ते येत नाही. मी नुसती सुई पाहिली तरी मान फिरवते.

"वायर चालत नाही," लुपे म्हणाली.

"कसली वायर?"

"नेटची. लॅपटॉपची."

"मग वायरलेसवर कर की. माझ्या फोनवर येतंय ना तुमचं."

"वायरलेस उत्तम चालतंय. पण कामाचा प्रोग्राम वायर असल्याशिवाय उघडत नाही."

हे मला माहीत होतं, विसरले होते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या कुणा बाईचं वायरलेस मध्येच गेलं होतं आणि तिकडे एक आजोबा जमिनीवर पडून हॅलो हॅलो करत राहिले होते. तेव्हापासून कंपनीचा नियम.

आम्ही दोघी टेबलाखाली शिरलो. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. राउटरचं भोक बदलून पाहिलं. टीव्हीची वायर काढून इकडे लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. दर वेळी कोपऱ्यात तेच: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

"पण हा दिवा बघ," मी म्हणाले. वायर जिथे खुपसतात तिथे इवलासा हिरवा दिवा लुकलुकत होता. "म्हणजे वायर जिवंत आहे."

पुढच्या खोलीतून इओसुआ ओरडला, "मला लावा ती वायर. दोन नळ्या आहेतच, तिसरी काय जड आहे?"

"तू गप्प बस, तुझं प्रेशर वाढेल!"

मी पळत जाऊन माझा जुना लॅपटॉप आणला. तीच वायर, तेच भोक. माझ्यावर लगेच सुरू झालं. मी आनंदाने म्हणाले, "बघ, वायर चांगली, राउटर चांगला. तुझ्या लॅपटॉपमध्येच काहीतरी झालंय."

हे ऐकून लुपे खाली फरशीवरच बसली.

"अगं, कंपनीचा लॅपटॉप आहे, कंपनी बघेल. फोन कर त्यांच्या माणसाला."

"तेच करता येत नाही."

"का?"

तिने पुढच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काल लॅपटॉप चर्चमध्ये होता."

शनिवारी संध्याकाळी फालेतुआचा, म्हणजे आमच्या पाळकांच्या बायकोचा, फोन आला होता. चर्चचा कॉम्प्युटर बंद पडला. रविवारी म्हाताऱ्या तोएफुइनांच्या स्मरणाची प्रार्थना, आणि सवाईतली, म्हणजे आमच्या मूळ बेटावरची, त्यांची सगळी माणसं ती नेटवरून बघणार. तुझ्याकडे एक चांगला लॅपटॉप आहे ना, पोरी? मग पेनिआमिना येऊन घेऊन गेला. तो चर्चचा डीकन, कॅमेरा-आवाज सगळं तोच बघतो. रविवारी दुपारी त्याने लॅपटॉप परत आणून दिला, वर केळीच्या पानात गुंडाळलेला तारोचा कंदसुद्धा.

"कंपनीचा लॅपटॉप दिलास?" मी म्हणाले.

"तू काय सांगितलं असतंस फालेतुआला?"

फालेतुआने मागितलं तर आमच्यातली बाई अंगावरचं लुगडंही सोडून देईल आणि वर विचारेल, पुरेल ना.

"करारात लिहिलंय, लॅपटॉपला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. आजारी माणसांची नावं, पत्ते आहेत त्यात. कळलं तर पहिल्यांदा घरचं काम काढून घेतील." तिने पुन्हा पुढच्या खोलीकडे पाहिलं. "मग तो परत हॉस्पिटलात."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉलीन, तिची वरिष्ठ. लुपेने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"लुपे, तू अजून लाइनवर दिसत नाहीस, काय झालं?"

"वायर... वायरचा काहीतरी घोटाळा आहे, कॉलीन."

"वायरलेस आहे ना? मग काळजी करू नकोस. आमचा माणूस तिथूनच तुझ्या लॅपटॉपमध्ये शिरून बघेल. काय बदललंय ते त्याला लगेच दिसतं. तू फक्त लॅपटॉप चालू ठेव."

फोन बंद झाला. आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. आता आपोआप बाण हलायला लागेल, आता कुणीतरी आत येईल, असं मला वाटायला लागलं. घरात चोर शिरावा आणि आपणच दार उघडून बसावं, तसं.

"वायरलेस बंद कर," इओसुआ म्हणाला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "सांग नेटच गेलं. ते काय घरी येऊन बघणार आहेत?"

"खोटं बोलू?"

"मी बोलू का मग? मी खोटं बोललो तर देव समजून घेईल, माझं निम्मं रक्त बाहेर आहे."

लुपेने वायरलेस बंद केलं. तिने ते इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं. लगेच फोन.

"लुपे, तू दिसेनाशी झालीस."

"नेटच गेलं, कॉलीन. सगळंच." मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पंधरा वर्षांत मी तिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तिला ते येतही नव्हतं. शब्द चुकीच्या मापाचे जोडे घातल्यासारखे निघत होते.

कॉलीन म्हणाली, "बरं. थोड्या वेळात आलं नाही तर तुला ऑफिसला यावं लागेल. आज माणसं कमी आहेत."

ऑफिस ब्रिस्बेनला. इओसुआचं मशीन अजून निम्म्यावरही आलं नव्हतं.

"पेनिआमिनाला फोन लाव," मी म्हणाले.

तो उचलेना. तो खाटिकखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो, कामावर फोन खिशात ठेवू देत नाहीत. आता एकच वाट उरली होती, आणि ती आम्हा दोघींनाही माहीत होती. पाळकांच्या घरी फोन करायचा आणि विचारायचं, तुम्ही माझ्या वस्तूचं काय केलंत? आमच्यात चर्चला दिलं ते दिलं. नंतर त्यात खोड काढणं म्हणजे वाढलेलं ताट ओढून घेणं.

लुपेने पदर नाही तरी अंगावरचा टीशर्ट खाली ओढून सारखा केला आणि फोन लावला.

"फालेतुआ, सकाळी सकाळी त्रास देते, माफ करा. आपली तब्येत बरी ना?" मग आजीची तब्येत, मग पाळकांचा खोकला. मी हातवारे करत होते, लवकर कर, लवकर. ती डोळ्यांनीच म्हणत होती, कशी करू? शेवटी बोलली, "तो लॅपटॉप... काल पेनिआमिनाने त्यात काही बदललं का, तेवढं विचारायचं होतं. चूक त्याची नाही. माझीच काहीतरी असेल."

मला वाटलं, आता संपलं, आता जन्मभर हे ऐकावं लागणार. मग फालेतुआ म्हणाल्या, "थांब पोरी. त्याच्या मुकादमाची बायको आपल्याच चर्चमधली आहे."

माझा श्वास नीट व्हायच्या आत पेनिआमिनाचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर.

"अगं लुपे, नंबर! चर्चच्या हॉलमध्ये वायर लावली की आपोआप चालत नाही, तिथल्या पत्त्याचा नंबर हाताने भरावा लागतो. मी भरला आणि काढायचा विसरलो. वायरलेसला मी हातच लावला नाही, म्हणून ते चालतंय. तुझी वायर बिचारी तुझ्या घरात बसून अजून हॉलच शोधतेय."

"मग आता?"

"सेटिंगमध्ये जा. वायरच्या नावावर दाब. खाली मॅन्युअल दिसतंय? ते ऑटोमॅटिक कर. सेव्ह कर. एवढंच. मी जातो, मुकादम माझ्याकडे बघतोय."

एवढंच होतं. कोपऱ्यातलं चिन्ह बदललं, प्रोग्राम उघडला, लुपेने हेडफोन चढवला. पहिला कॉल एका बाईचा होता, मांजराच्या अंगावर पाय पडून घसरलेल्या. "हो, मी आहे," लुपे म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. मी कुंपणातून घरी आले आणि उभ्याउभ्या गार चहा प्यायले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीच नसती.

दुपारी फालेतुआंचा मला फोन. लुपे कामात असेल म्हणून मला. "चाललं ना तिचं? देवाची कृपा. आणि तिला सांग, काल ती नव्हती, पण पाळकांनी तिचं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डिंग आहे, बघ म्हणावं."

आमच्यात कुणी काहीही दिलं, चटई असो, डुक्कर असो, डबाभर बिस्किटं असोत, ते मोठ्याने नाव घेऊन जाहीर करायचं. न जाहीर करणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. मी रेकॉर्डिंग लावलं. पाळक उभे, हातात माइक. भरदार आवाजात लुपेचं नाव. मग तिच्या कंपनीचं नाव, संपूर्ण, ठासून. "ज्यांच्या कॉम्प्युटरमुळे आज सवाईपर्यंत आपली प्रार्थना पोचते आहे." टाळ्या. आणि खाली तिकडे आपिया शहरात राहणाऱ्या, तोएफुइनांच्या कुणा भाच्याने कंपनीचं नेटवरचं पान जोडून आभार मानले होते, सोबत तीन फुलं.

लुपेचं काम संपल्यावर मी तिला ते दाखवलं. ती उभी होती, बसली. पुन्हा उभी राहिली.

"पाळकांना सांगून काढून घेता येईल," मी म्हणाले.

"पाळकांना सांगू, तुम्ही माझं नाव घेतलंत ते पुसून टाका? तोएफुइनांच्या प्रार्थनेतून?"

"मग कुणी बघेपर्यंत गप्प बस. कदाचित कुणी बघणारही नाही."

"आणि रोज सकाळी फोन वाजला की असं व्हायचं?" तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "या हाताने मला त्याला सुई टोचायची असते, मेरिपा."

तिने तिथेच, माझ्यासमोर, कॉलीनला फोन लावला. सगळं सांगितलं. लॅपटॉप दिला ते, आणि नेट गेलं नव्हतं तेही. दुसरं सांगायची काय गरज होती, मी मनात म्हटलं. कॉलीनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या माणूस येऊन लॅपटॉप घेऊन जाईल. तोवर तू कामावर नाहीस. पुढचं मी एकटी ठरवत नाही."

"घरचं काम?"

"ते आत्ता विचारू नकोस."

लॅपटॉप गेला. टेबलाचा कोपरा रिकामा दिसायला लागला. लुपे त्या कोपऱ्याकडे न बघता स्वयंपाक करायची. इओसुआ विनोद करायचा थांबला, ते मला सगळ्यात वाईट वाटलं. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "हॉस्पिटलात खिडकीजवळची खुर्ची मागता येते का गं?"

त्यानंतरच्या मशीनच्या सकाळी मी मुद्दाम गेले. मान फिरवून बसले. लुपे दुसरी सुई टोचत असताना फोन वाजला. तिने तो उचलला नाही. "उचल ना," इओसुआ म्हणाला. "हलू नकोस," ती म्हणाली. सुई आत गेली, चिकटपट्टी लागली, नळी जोडली, मशीन फिरायला लागलं. मग तिने हात धुतले. मग परत फोन लावला.

कॉलीन थोडक्यात बोलली. काम घरूनच राहील. लॅपटॉप दुसरा येईल, त्यात तिला स्वतःला काही बदलता येणार नाही. आणि पुन्हा असं झालं तर बोलणं होणार नाही, थेट काढून टाकतील. रेकॉर्डिंग त्यांनी बघितलं होतं, आधीच, सोमवारी दुपारीच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. तू सांगतेस का, ते बघत होते." मग तिचा आवाज जरा सैल झाला. "लुपे, मला एक सांग. तुम्ही लोक चर्चला कधीच नाही म्हणत नाही का?"

"म्हणतो," लुपे म्हणाली. "मनात."

फोन ठेवून ती इओसुआच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि मशीनवरचे आकडे वाचू लागली. एकदा वाचले, मग पुन्हा वाचले.