जुळत नाही, सर

निराशेचं शास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवलं जात असतं, तर आमच्या मारेगावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना थेट विभागप्रमुख म्हणून बोलावणं आलं असतं. ऊन पडलं की त्यांना सोयाबीनची काळजी, ढग आले की कपाशीची. स्वतःच्या नावावर वीतभर वावर नाही. मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली तर ते लगेच निघत नाहीत. "एवढी सहज सुरू झाली म्हणजे आत काहीतरी बिघडून राह्यलं असन," म्हणत इंजिनाला कान लावून उभे राहतात.

अशा माणसाने वेबसाइट बनवायला घेतली. सर कोलाम आदिवासी. त्यांच्या आईची कोलामी बोली त्यांना अर्धीमुर्धी समजायची, त्यांच्या मुलींना तेवढीही नाही. म्हणून आईचे शब्द तिच्याच आवाजात अर्थासकट साठवायचे, आणि पोडापोडांवरच्या, म्हणजे वस्त्यावस्त्यांवरच्या कोलामांनाही आपले शब्द मोबाइलवरून पाठवता यावेत, असा बेत होता. आई अंगणात बसून बोलायची, सर रेकॉर्ड करायचे. पाणी म्हणजे ईर, एवढं तिने मलाही शिकवलं, आणि माझा उच्चार ऐकून पदराआड हसली.

हे सगळं ठेवायचं होतं क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर. वेबसाइट काही केल्या त्याच्याशी जुळेना. मधल्या सुट्टीत सर लॅपटॉप उघडत, फिरणारं चक्र बघत बसत, लाल अक्षरं आली की मिटून ठेवत. "जुळत नाही, सर," ते मला सांगत. "माह्यं सोयऱ्यांशी जुळलं नाही, हेडमास्तरांशी जुळलं नाही. या डेटाबेसनं तरी कायले जुळावं?" मी मराठी शिकवणारा, धीर देण्यापलीकडे माझ्या हाती काय? "नेट बदलून पाहा," म्हटलं. त्यांनी नेट बदललं, मोबाइल बदलला, टॉवरखाली जाऊन उभे राहिले. डेटाबेस ढिम्म.

त्यातच आईला ताप आला. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

त्यानंतर बरेच आठवडे सरांनी लॅपटॉपला हात लावला नाही. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये उघडला आणि चूक दिसली. डेटाबेसचा पत्ता लिहिताना आधी पासवर्ड, मग '@' हे चिन्ह, मग ठिकाण. सरांनी मात्र कोणी चोरू नये या धास्तीने पासवर्डच्या आतही एक '@' घातला होता. वेबसाइट तिथेच फसायची आणि उरलेल्या पासवर्डलाच ठिकाण समजून ते शोधत बसायची. पासवर्ड बदलताच हिरवी अक्षरं आली. "जुळलं, सर," ते म्हणाले. इतक्या उदास आवाजात मी हा शब्द कधी ऐकला नव्हता.

आईचे शब्द वेबसाइटवर चढले. परवा पांढरकवड्याकडच्या एका पोडावरून कुणा बाईचा शब्द आला. नुसता आवाज; अर्थाची जागा मोकळी. सरांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला, पण कळेना. "आईनं चट सांगितलं असतं," एवढंच बोलले. आता ते वेबसाइटच बंद करणार, अशी माझी खात्री झाली. मीच म्हटलं, "तो एक शब्द काढून टाका, सर."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

"राहू द्या," म्हणाले. "कोणाले तरी माहीत असन."