बाईचा तिसरा हात

१९८२च्या डिसेंबरात, बहारीनला मनामातल्या आमच्या हॉटेलच्या लॉबीत, चित्रातल्या बाईला तिसरा हात फुटला.

चित्र जुनं, फ्रेंच. पंखा घेऊन बसलेली बाई. आता पंख्याशेजारी आणखी एक हात पुसटसा दिसत होता. त्यात फूल.

"अस्सल चित्र पळवलंय," असिस्टंट मॅनेजर बर्वे म्हणाले. "ही नक्कल."

लॉबीची साफसफाई पायस तुस्कानोकडे होती. वसईचा, पन्नाशीचा. बर्व्यांनी त्याला घरी बसवलं. चोरी ठरली तर पोलीस, मग व्हिसा कॅन्सल.

मी साहित्यात बी.ए., तिथल्या रिसेप्शनवर. बहारीनमधला माझा पहिला मित्र पायसच. मी त्याच्या खोलीवर गेलो.

"पायसभाई, खरं सांगा."

"चंदू, चित्र तेच आहे."

"मग हात कुठून आला?"

"मी काही पळवलं नाही. पुढचं विचारू नको."

ते 'पुढचं' मला झोपू देईना.

मालकांनी एका जाणकार फ्रेंच बाईंना बोलावलं. बर्व्यांनी पायसलाही समोर उभं केलं. बाईंनी टॉर्च लावून चित्र न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रपाँतीर."

मग इंग्रजीत समजावलं. चित्रकाराने आधी हात असा काढला. विचार बदलला, वरून रंग दिला. अशा झाकलेल्या जागेला हा शब्द. चित्र अस्सल.

बर्व्यांना पटेना. "इतकी वर्षं नव्हता, आत्ताच कसा दिसला?"

बाईंनी चित्राजवळ नाक नेलं. "कुणीतरी तेल चोळलंय. म्हणून खालचं दिसतंय."

लॉबीत दिवसभर वर्दळ. कुणाचंच नाव निघालं नसतं. पायसने फक्त गप्प राहायचं होतं.

"मी, सर," तो म्हणाला. "खोबरेल. नाताळाआधी आई वेदीवरच्या तसबिरींना लावायची. काळवंडलेले संत उजळायचे. ही बाईपण काळवंडली होती."

"हे काय तुझं देवघर आहे?" बर्वे ओरडले.



तेलावर धूळ बसणार होती. चित्र सफाईसाठी पॅरिसला गेलं. पायसचा व्हिसा वाचला, पण बदली लाँड्रीत झाली. बर्व्यांचा संशय मात्र फिटला नाही. त्यांनी गार्डला बजावलं, पायस लॉबीत दिसला तर आधी त्याच्या हाताचा वास घे.

मी लाँड्रीत गेलो, तेव्हा तो चादरींच्या घड्या घालत होता.

"बघ चंदू, त्या चित्रकाराने हात झाकला, त्याला केवढा फ्रेंच शब्द! मी उघडा केला, तर मला लाँड्री. खलास. धर ते टोक."