वासाचा पंचनामा

"दार लावा, हवा जाऊन राह्यली!"

जालन्याच्या आमच्या ऑफिसात पाऊल टाकलं की हे वाक्य अंगावर यायचं. बोलणारे आमचे हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू. हवा म्हणजे एसीची. ती जाऊ नये म्हणून या महाशयांनी एकुलत्या एक खिडकीवर प्लायवूड ठोकून घेतलं होतं.

आत मग काय विचारता! प्लायच्या गोंदाचा दर्प, झेरॉक्स मशीनचा जळका वास, सकाळी उदबत्ती, दुपारी मच्छरांची कॉइल, आणि वरून बडेबाबूंचा मोगऱ्याचा स्प्रे. कपाशीवर औषध मारावं तसे मारायचे. आम्ही खोकायचो, हा माणूस खुश!

एकदा त्यांच्या डब्यातलं वरण आंबलं होतं. दोन टेबलं पलीकडे मला मळमळलं. ते भुरके मारत जेवले. "वास? कसला वास?" याचं नाक कधीच कामातून गेलंय, हे मला त्या दिवशी कळलं. मी गालातल्या गालात हसलो.

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताई कंत्राटी होत्या. त्यांचा दमा वाढला. त्यांनी अर्ज दिला: खिडकी उघडावी, नाहीतर मला काम सोडावं लागेल. केबिनमधल्या साहेबांनी शेरा मारला, 'पाहणी करावी.' आणि पाहणी कोणाकडे? बडेबाबूंकडे!

त्यांनी पंचनामा केला. हसू नका, वासाचा पंचनामा! चारी कोपऱ्यांत उभं राहून नाक वर केलं आणि लिहिलं: 'प्रत्यक्ष वास घेतला असता कोणताही वास आढळून आला नाही.' बरं, माणूस खोटंही बोलत नव्हता. कागद माझ्यापुढे सरकवला.

"पंच म्हणून सही कर. बराबर हाय ना?"

माझे डोळे चुरचुरत होते. "बराबर हाय," म्हणालो आणि सही केली. त्याचं नाक गेलं होतं, माझी लाज.

महिन्याभरात ताई काम सोडून गेल्या. जिना उतरताना मधेच दोनदा बसल्या.

यंदा बडेबाबू रिटायर झाले. निरोपाला निशिगंधाचा हार घातला. त्यांनी तो नाकाशी धरला, जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला. मग हळूच मला विचारलं, "ह्याला वास हाय का रे?"

"आहे, बडेबाबू."

"चांगला हाय?"

पहिल्यांदाच त्या माणसाची कीव आली.

दुसऱ्या दिवशी मी पक्कड घेऊन ताईंच्या रिकाम्या खुर्चीवर चढलो आणि खिडकीवरचं प्लायवूड काढलं. चार खिळे होते. दहा मिनिटंही लागली नाहीत.